वाळूतली ठेव

इतिहासाच्या तासाला मी दरवर्षी नाना फडणविसांवर बोलतो. जन्म १७४२, घराणे भानूंचे, मूळ गाव कोकणातले वेळास. एवढे सांगून मी मुलांना घेऊन थेट पुण्याचा रस्ता धरीत असे. त्या वेळासात पाऊल टाकण्याचा योग मात्र फार उशिरा आला. आणि तोही नानांमुळे नव्हे, कासवांमुळे!

मंडणगड तालुक्यात सावित्री नदी समुद्राला मिळते, तिच्या मुखाशी बाणकोटचा किल्ला आहे. १७५६ च्या तहाने तो इंग्रजांकडे गेला आणि ‘फोर्ट व्हिक्टोरिया’ झाला. त्याच्या जवळच वेळासची पुळण. किल्ल्यावरची निशाणे बदलली, पण थंडीच्या दिवसांत रात्री या वाळूवर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासविणीने आपला रिवाज सोडला नाही. वाळूत हातभर खड्डा करायचा, शंभरेक अंडी घालायची, वर वाळू ओढायची आणि आल्या वाटेने परत जायचे. पिलांचे तोंड पाहणे तिच्या नशिबी नाही.

माणसाला मात्र तिची पावले ओळखता येत. येथे एक कबुली दिली पाहिजे. मीही खाडीकाठचाच. लहानपणी आमच्या दारी टोपलीतून कासवाची अंडी विकायला येत, आणि मी ती आवडीने खाल्ली आहेत. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तेव्हाही होता; पण कायदा कागदावर होता आणि भूक घरात होती.

२००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने वेळासला काम सुरू केले. त्यांनी गावाशी भांडण मांडले नाही. गावालाच कामाला घेतले. कासवाचा माग ज्यांना कळतो, त्यांनीच घरटी शोधायची. अंडी कोल्ह्याकुत्र्यांपासून वाचवून कुंपणाच्या आत तेवढ्याच खोल पुरायची, आणि पन्नासेक दिवसांनी निघालेली पिले समुद्राकडे सोडायची. २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. शहरातली माणसे आली, तेव्हा गावकऱ्यांनी आपल्या पडव्या आणि माजघरे त्यांना उघडून दिली. चुलीवरच्या भाताचा पैसा गावातच राहिला. जी अंडी एका दिवसाच्या बाजाराची होती, ती दरसालचे व्याज देणारी ठेव ठरली.

मी उतरलो होतो त्या घरचे आजोबा रात्री ओटीवर बसले होते. मी विचारले, “आजोबा, तुम्ही कधी अंडी काढलीत?”

“काढली तर! लपवायचं काय त्यात, गुरुजी?”

मग मला २०२० साल आठवले. मार्चात टाळेबंदी झाली, पाहुणे बंद झाले. ३ जूनला ‘निसर्ग’ वादळाने या किनाऱ्यावरच्या माडा-पोफळीच्या बागा झोपवल्या. मी भीतभीतच म्हणालो, “त्या साली पैसा नव्हता. मग राखण?”

“केली ना. पाहुणे येणार नाहीत हे कासविणीला कोणी कळवायचं?” आजोबा हसले, मग जरा थांबून म्हणाले, “पण खरं सांगू? एक-दोन वर्षं मायेवर निभतं. दहा वर्षं नाही निभणार. घरात चार पैसे येतात, म्हणून पोरगा गावात आहे. तो मुंबईला गेला, की रात्री पुळणीवर फिरायचं कोणी?”

या उत्तरापुढे मला बोलायला काही उरले नाही. आपण निसर्गप्रेमावर निबंध लिहायला सांगतो. त्या प्रेमालाही दोन वेळचे जेवण लागते, हे आजोबांनी एका वाक्यात शिकवले.

पहाटे कुंपणातली टोपली उचलली. तळहातावर मावतील अशी काळसर पिले वाळूवर सोडली आणि ती धडपडत लाटांकडे निघाली. हजारातले एखादेच मोठे होते म्हणतात. मी मोजू लागलो. लहानपणी ताटात किती आली असतील, तो हिशेब मनात उठला आणि माझी मोजणी चुकली.

आता वर्गात वेळासचे नाव आले, की मी लगेच पुण्याला निघत नाही. जरा वेळ पुळणीवर थांबतो.