अत्याचारग्रस्तांना मिळणारे अर्थसहाय्य आणि आयकर

अनुसूचित जाती व अनुसूचित जमाती (अत्याचार प्रतिबंध) कायदा, १९८९ आणि त्याखालील १९९५ चे नियम यांनुसार अत्याचारग्रस्त व्यक्तीला किंवा तिच्या वारसांना शासन अर्थसहाय्य देते. २०१६ च्या सुधारणेनंतर ही रक्कम गुन्ह्याच्या स्वरूपानुसार ८५ हजार रुपयांपासून ८ लाख २५ हजार रुपयांपर्यंत आहे. इतकी रक्कम एकदम खात्यात जमा झाली की घरात पहिला प्रश्न निघतो: यावर कर भरावा लागेल का? आयकर खात्याची नोटीस येईल का? काही लाभार्थी या भीतीने पैसे खात्यातून काढून घरात ठेवतात. तसे करण्याची गरज नाही.

आयकर हा उत्पन्नावर लागतो. मजुरी, पगार, धंद्यातील नफा, भाडे, व्याज हे उत्पन्न आहे. गेलेल्या माणसाची, शरीराला झालेल्या इजेची किंवा जळालेल्या घराची भरपाई म्हणून मिळालेली रक्कम ही कमाई नसते. नुकसानीचा काही भाग त्यातून भरून निघतो, एवढेच. कायद्याच्या भाषेत अशा रकमेला भांडवली स्वरूपाची प्राप्ती म्हणतात. नियमांनुसार मिळणारे अर्थसहाय्य याच स्वरूपाचे आहे.

मात्र एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. भोपाळ वायुदुर्घटनेतील भरपाईला जुन्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम १०(१०बीबी) मध्ये नाव घेऊन सूट होती. आपत्तीबद्दल केंद्र, राज्य किंवा स्थानिक प्राधिकरणाने दिलेल्या भरपाईला त्याच कायद्याच्या कलम १०(१०बीसी) मध्ये सूट होती. अत्याचारग्रस्तांच्या अर्थसहाय्यासाठी असे नाव घेतलेले कलम नाही. ते असते तर लाभार्थ्याला समजावत बसावे लागले नसते. म्हणूनच रक्कम कशाबद्दल मिळाली हे दाखवणारा कागद हाताशी असणे महत्त्वाचे. जिल्हा प्रशासनाचा मंजुरी आदेश, प्रथम खबर अहवालाची प्रत आणि रक्कम जमा झाल्याची पासबुकातील नोंद एकत्र जपून ठेवा.

रक्कम टप्प्याटप्प्याने मिळते. मृत्यूच्या प्रकरणात निम्मी रक्कम शवविच्छेदनानंतर आणि निम्मी दोषारोपपत्र न्यायालयात गेल्यावर. जाणूनबुजून अपमान केल्याच्या गुन्ह्यात एक लाखापैकी २५ टक्के प्रथम खबर अहवालाच्या वेळी, ५० टक्के दोषारोपपत्रानंतर आणि २५ टक्के आरोपीला शिक्षा झाल्यावर. हप्ते वेगवेगळ्या आर्थिक वर्षांत आले म्हणून रकमेचे स्वरूप बदलत नाही. बळकावलेली जमीन परत मिळाली किंवा जळालेले घर शासनाने बांधून दिले, तर तेही उत्पन्न नव्हे. साक्षीसाठी जाण्यायेण्याचा खर्च मिळतो, तोही झालेल्या खर्चाची परतफेड आहे.

खरी अडचण व्याजाची. मूळ रक्कम करपात्र नसली तरी तिच्यावर बँकेने दिलेले व्याज हे उत्पन्नच आहे. समजा, एका विधवा भगिनीने पूर्ण ८,२५,००० रुपये ७ टक्के दराने मुदत ठेवीत ठेवले. वर्षाचे व्याज ५७,७५० रुपये होते. वर्षाचे व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेले (ज्येष्ठ नागरिकांसाठी मर्यादा १ लाख) की बँक १० टक्के कर कापते, म्हणजे येथे ५,७७५ रुपये. पॅन दिलेला नसेल तर कपात २० टक्के होते. मृताच्या विधवेला किंवा अवलंबितांना दरमहा मूळ ५,००० रुपये अधिक महागाई भत्ता असे निवृत्तिवेतन मिळते. ते जमेस धरले तरी, दुसरे मोठे उत्पन्न नसेल, तर या भगिनीचे उत्पन्न नव्या करप्रणालीतील ४ लाखांच्या मर्यादेच्या खालीच राहते. म्हणजे जो कर देणेच नाही, तो कापला जातो.

हे टाळण्यासाठी वर्षाच्या सुरुवातीलाच बँकेत पॅनसह स्वयंघोषणापत्र द्यावे. १९६१ च्या कायद्यात साठ वर्षांखालील व्यक्तींसाठी १५जी आणि ज्येष्ठांसाठी १५एच हे अर्ज होते. आयकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाल्याने कलमांचे व अर्जांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून क्रमांकापेक्षा "व्याजावर कर न कापण्याचा अर्ज" असे सांगितलेले बरे. कर कापला गेलाच असेल, तर विवरणपत्र भरून तो परत मिळवता येतो.

दुकानदार किंवा व्यावसायिकांनी एक काळजी घ्यावी. जळालेल्या मालाचे नुकसान हिशेबात दाखवून करात वजावट घेतली असेल, तर त्याच नुकसानीपोटी आलेली भरपाई करमुक्त धरता येत नाही.

उत्पन्नाचा दाखला हा तहसील कार्यालयाचा वेगळा विषय आहे. शिष्यवृत्तीसाठी तो काढताना ही रक्कम एकदाच मिळालेले अर्थसहाय्य असल्याचे सांगून मंजुरी आदेश दाखवा. अर्थसहाय्यच मिळाले नसेल किंवा पुढचा हप्ता अडला असेल, तर अत्याचारविरोधी राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६६ वर तक्रार नोंदवता येते.