मुंबईचा सिंफनी वाद्यवृंद



नाशिक हें गाणें ऐकणारांचें गांव. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर उत्तरायुष्यांत येथेंच येऊन राहिले होते, तेव्हां स्वरांशीं आमची ओळख नवी नाहीं. परंतु पन्नाससाठ वादक एका माणसाच्या हातांतील काडीकडे पाहून एकदिलानें वाजवीत आहेत, हा देखावा मीं साठी उलटल्यावर प्रथम पाहिला. आणि त्यासाठींहि रेल्वेनें मुंबई गांठावी लागली.

नरीमन पॉइंटवरील जमशेद भाभा नाट्यगृहांत ‘सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया’ या वाद्यवृंदाचा कार्यक्रम होता. आरंभीं ओबो या सनईच्या जातीच्या वाद्यानें एक स्वर दिला व सर्वांनीं आपापलीं वाद्यें त्यास मिळविलीं. इथपर्यंत सारें घरच्यासारखें वाटलें. मग बीथोव्हेनची पांचवी सिंफनी सुरू झाली. ही रचना १८०८ सालीं व्हिएन्नांत प्रथम लोकांसमोर आली. तिचे चार भाग आहेत, आणि चारहि संपेपर्यंत श्रोत्यांनीं हूं कीं चूं करावयाचें नसतें. मला हें कोठें ठाऊक! पहिला भाग संपतांच मीं टाळी दिली. शेजारच्या बाईंनीं माझ्याकडे ज्या नजरेनें पाहिलें, त्याच नजरेनें मी तीस वर्षें वर्गांतल्या मुलांकडे पाहत आलों होतों.

मध्यंतरांत कार्यक्रमपत्रिका चाळली. वादकांचीं पुष्कळ नांवें परदेशीय. हा वाद्यवृंद २००६ सालीं खुश्रू सनटूक व कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेनगालिएव्ह यांनीं उभा केला, आणि बरेच वादक तिकडूनच आले. मग मुंबईंत हें संगीत वाजविणारे कोणी नव्हतेच काय? होते, आणि त्यांचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

नाझींच्या उदयानंतर, १९३४ सालीं, वॉल्टर कौफमन हे ज्यू संगीतकार मुंबईस आले. आकाशवाणीच्या ज्या संकेतधुनीनें आपल्यापैकीं अनेकांच्या घरीं सकाळ उजाडत असे, तिची रचना त्यांचीच मानितात. पुढच्याच वर्षीं मेहली मेहता या पारशी व्हायोलिनवादकानें ‘बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा’ स्थापन केला. जगप्रसिद्ध जुबिन मेहता हे यांचेच चिरंजीव. जुबिन १९५४ सालीं व्हिएन्नास शिकावयास गेले, आणि त्याच दशकांत वडिलांनींहि देश सोडला.

परंतु या साऱ्या खटाटोपाचा कणा होता तो गोमंतकीय वादकांचा. पोर्तुगीज अमलांत गोव्यांतील चर्चच्या शाळांत मुलांना उपासनेसाठीं स्वरलिपि व व्हायोलिन शिकवीत. कागद पुढें ठेवतांच तो वाजवून दाखविणारे वादक मुंबईस त्या शाळांनीं पुरविले. मात्र सिंफनीवर पोट भरत नसे. म्हणून हे लोक रात्रीं हॉटेलांत नाचासाठीं वाजवीत आणि दिवसा चित्रपटांच्या स्टुडिओंत. चालींभोवतीं सबंध वाद्यमेळ रचून कागदावर उतरविणारे पुष्कळदां हेच. पडद्यावरील मोठें नांव मात्र दुसऱ्याचें.

त्यांपैकीं माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनीं एक धाडस केलें. आपले राग आणि पाश्चात्य वाद्यवृंद एकत्र आणण्याचा त्यांस ध्यास होता. १९५८ सालीं शंभरावर वादक जमवून त्यांनीं मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजच्या चौकांत कार्यक्रम केला. गावयास लता मंगेशकर व मन्ना डे होते. परंतु हा वाद्यवृंद टिकला नाहीं. पुढें गोन्साल्विस अमेरिकेस गेले, तेथून परतून गोव्यांत राहिले, आणि २०१२ सालीं निवर्तले.

संगीतकार प्यारेलाल हे व्हायोलिनमध्यें त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटांतील एका गाण्यांत गुरूचें नांव आलें, तें यांचेंच. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांनीं तें गाणें किती वेळां म्हटलें असेल, याची गणती नाहीं. पहिल्या रांगेंत बसून मीहि ताल धरीत असें. या नांवाचा खरोखरीचा मनुष्य गोव्यांत राहतो आहे, हें मुलांचें राहूं द्या, मलाहि ठाऊक नव्हतें.