वेताळ आणि बहादूर : एक अंक, दोन वाचक

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या माणसाने कॉमिक्सवर काय बोलावं, असं काहींच्या मनात आलं असेल. पण इथे मांजर्लीत आज समोर आजी-आजोबा बसलेत आणि नातवंडंही बसलीत, आणि माझा प्रश्न या दोघांचाच आहे. मुलांसाठी म्हणून छापलेली वीरकथा मोठी माणसंही का वाचतात? ‘बालपणीची आठवण’ हे उत्तर मला अपुरं वाटतं. आठवणीपोटी माणूस जुना अंक हातात घेईल, पण तो शेवटच्या पानापर्यंत वाचेलच असं नाही.

उदाहरण ओळखीचं घेऊ. मार्च १९६४ मध्ये मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाच्या समूहाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’ सुरू केलं. मराठीसह अनेक भारतीय भाषांतून निघणारी ही मालिका १९९० मध्ये थांबली. तोवर तिचे सुमारे आठशे अंक झाले होते. तिचा पहिला नायक म्हणजे अमेरिकन लेखक ली फॉक यांचा फॅंटम. मराठीत तो ‘वेताळ’ झाला, आणि हे बारसं फार नेमकं होतं. कोकणात आणि गोव्यात वेताळ हा गाव राखणारा देव आहे. शिवाय ‘चांदोबा’मुळे विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ घरोघरी माहीत होता. म्हणजे परका माणूस आला खरा, पण ओळखीच्या नावाने आला. संपादकही सावध होते. मूळ कथेतला ‘बंगाला’ हा देश आपल्याकडे ‘डेंकाली’ झाला आणि ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ चाचे झाले. इथल्या कुणाला ते आपल्यावरच बेतलंय असं वाटू नये, म्हणून.

आता एक साधी गोष्ट लक्षात घ्या. फॅंटम जन्मला १७ फेब्रुवारी १९३६ रोजी, सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी, आणि तोही वर्तमानपत्राच्या पट्टीत. वर्तमानपत्र घरात एकच येतं. ते आधी वडील वाचतात, मग इतर, मग पोरं. तीन-चार चित्रांच्या त्या पट्टीला सगळ्यांचं समाधान करावं लागे. आपल्याकडे इंद्रजालचंही तेच झालं. अंक एक, तो कधी विकत घेतलेला, कधी भाड्याने आणलेला, आणि वाचणारे घरातले सगळे. लहानथोर दोघांना चालेल असं लिहिणं ही त्या माध्यमाची गरजच होती.

पण गरज एकटी पुरत नाही. गोष्टीतही काही असावं लागतं. वेताळाची गोष्ट काय आहे? जंगलातल्या लोकांना वाटतं की हा अमर आहे, चारशे वर्षं तोच फिरतोय. वाचकाला मात्र सांगितलेलं असतं की हा एकविसावा वेताळ आहे. १५३६ मध्ये चाच्यांनी बाप मारला, मुलाने मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून अन्यायाशी लढायची शपथ घेतली, आणि तेव्हापासून बाप मेला की मुलगा मुखवटा चढवतो. त्याच्या अंगात कसलीही दैवी शक्ती नाही. गोळी लागली तर तो मरतो.

म्हणजे आठ वर्षांच्या वाचकाला लेखकाने मोठ्यांचं गुपित दिलं : माणूस मरतो, शपथ जगते. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात नागसेन दिव्याचा दाखला देतात. रात्रभर जळणारी ज्योत पहिल्या प्रहरी होती तीच शेवटच्या प्रहरी असते का? तीच नव्हे, आणि अगदी वेगळीही नव्हे. आपल्या उल्हास नदीचं पाणी रोज नवं असतं, नाव तेच राहतं. हा प्रश्न मी वर्गात शिकवला, तेव्हा पोरं जांभया देत. वेताळाच्या गुहेत तोच प्रश्न ती डोळे विस्फारून वाचत.

दुसरा नायक अस्सल इथला. १९७६ मध्ये आबिद सुरती यांनी लिहिलेला आणि गोविंद ब्राह्मणिया यांनी रेखाटलेला बहादूर. कुर्ता आणि जीन्स घालणारा, मुखवटा नसलेला. त्याचा बाप डाकू होता आणि पोलिसांच्या गोळीने मेला. सूडाने पेटलेला मुलगा पुढे डाकूंविरुद्धच नागरिकांचं दल उभारतो. १९७२ मध्ये जयप्रकाश नारायण यांच्यासमोर चंबळच्या डाकूंनी शस्त्रं ठेवली होती. तेव्हा बापाने पेपरात वाचलेलं आणि मुलाने कॉमिकात पाहिलेलं जग एकच होतं.

दोघांना शेजारी ठेवा. वेताळ बापाची शपथ पुढे नेतो, बहादूर बापाची वाट सोडतो. मुलाच्या मनात प्रश्न असतो : मी बाबांसारखाच होणार का? बापाच्या मनात असतो : माझ्यातलं काय या पोरात उतरणार, आणि काय उतरू नये? एकाच पानावर दोघं आपापला प्रश्न वाचतात. माझ्या मते या कथांची ओढ इथे आहे. मारामारी ही नुसती वरची साल.

एक आक्षेप घ्यायलाच हवा. वेताळ हा आफ्रिकेतल्या जंगलाचं रक्षण करणारा गोरा माणूस आहे. स्थानिक लोक स्वतःचं रक्षण करू शकत नाहीत, हे त्यात गृहीत धरलेलं आहे. लहानपणी हे दिसत नाही, मोठेपणी दिसतं. म्हणून पुस्तक लपवायचं का? मी म्हणेन, शेजारी बसून वाचावं. ‘हा गोराच का रे?’ असं आजोबांनी विचारावं आणि नातवाने उत्तर शोधावं. वसाहतवादाचा यापेक्षा सोपा धडा मला सुचत नाही.

आज घरात पाच माणसं आणि पाच पडदे. प्रत्येकाला वयाप्रमाणे वेगळी गोष्ट मिळते. त्यात कमी काही नाही, पण जेवताना दोघांनी वाद घालावा अशी एक गोष्ट उरलेली नाही. लहानथोरांचं कॉमिक म्हणजे मोठ्यांसाठी सोपं केलेलं किंवा मुलांसाठी पातळ केलेलं काही नव्हे. नातू आणि आजोबा जिथे बरोबरीने बोलू शकतात, अशी ती एक जागा आहे. ती जागा घरात ठेवायची की नाही, हे आपल्याच हातात आहे.

आता प्रश्न विचारा. आधी मुलांनी.