खलपुरुषाच्या बाहुल्याचें मोल

सन २०२४ मध्यें अमेरिकेंतील हेरिटेज या लिलावसंस्थेच्या विक्रींत प्लास्टिकचा एक बाहुला ५,२५,००० डॉलरांना विकला गेला. त्याची उंची अवघी पावणेचार इंच. तो सोन्याचा नव्हता, राजघराण्यांतून आलेला नव्हता, कोणा नामांकित शिल्पकाराची सहीहि त्यावर नव्हती. चित्रपटांतील एका खलपुरुषाची ती लहानशी प्रतिकृति होती. आणि विशेष हें कीं, मुलांकरितां म्हणून योजलेली ही वस्तु त्या स्वरूपांत मुलांच्या हातीं कधींच गेली नाहीं. अशा वस्तूची पारख कशी करतात, आणि ती करतांना आपण नेमकें कशाचें मोल ठरवीत असतों, याचा विचार आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

इतिहासाच्या अभ्यासकानें खेळण्यांत कां लक्ष घालावें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, मोहेंजोदडो येथें सांपडलेल्या मातीच्या चिमुकल्या गाड्या पाहूनच त्या काळच्या बैलगाडीची आपण कल्पना करतों. राजांच्या शिलालेखांत जें लिहिलें जात नाहीं, तें पुष्कळदां मुलांच्या खेळांत टिकून राहतें. आपल्या काळाचेंहि तसेंच होणार.

मुलग्यांनीं बाहुलीशीं खेळावें हें अमेरिकेंतील पालकांना रुचत नसे. म्हणून हॅस्ब्रो या कंपनीनें १९६४ सालीं सुमारें एक फूट उंचीचा सैनिक बाजारांत आणला, तेव्हां त्याला बाहुली न म्हणतां ‘ॲक्शन फिगर’ असें नवें नांव दिलें. नांव बदलतांच संकोच गेला. पुढें ओहायो प्रांतांतील सिनसिनाटी शहरीं असलेल्या केनर कंपनीनें या प्रकाराला निराळें वळण दिलें. तीन भावांनीं ही कंपनी स्थापिली होती व एका रस्त्याच्या नांवावरून तिचें नांव ठेवलें होतें. १९६७ पासून ती जनरल मिल्स या धान्याच्या व्यापारांतील मोठ्या कंपनीच्या मालकीची झाली होती.

२५ मे १९७७ रोजीं ‘स्टार वॉर्स’ हा चित्रपट प्रदर्शित झाला आणि त्यानें सर्वांचा अंदाज चुकविला. खेळणीं करण्याचा हक्क केनरकडे होता, पण खेळणीं तयार नव्हतीं. नाताळ तोंडावर आलेला. तेव्हां कंपनीनें एक अजब युक्ति केली. पुठ्ठ्याचें एक सपाट पाकीट तिनें विकावयास काढलें. आंत बाहुला एकहि नाहीं. असलें तर एक प्रमाणपत्र, कीं तें टपालानें पाठविल्यास चार बाहुले पुढील वर्षीं घरपोंच येतील. लोकांनीं तें वचन विकत घेतलें, आणि १९७८ मध्यें कंपनीनें तें पाळलें. बाहुल्यांची उंची पावणेचार इंचांची ठेवली होती, कारण चित्रपटांतील विमानें फूटभर उंचीच्या बाहुल्यांच्या मानानें केलीं असतीं, तर त्यांना घरांत जागाच पुरली नसती.

या यशाच्या भरांत दुसऱ्या चित्रपटाची तयारी सुरू झाली, आणि त्यासाठीं एक नवा खलपुरुष योजण्यांत आला. त्याचें नांव बोबा फेट. इनामाच्या लोभानें माणसांचा पाठलाग करून त्यांना पकडून देणारा, तोंडावरचा शिरस्त्राणाचा पडदा कधीं दूर न करणारा, मितभाषी असा हा माणूस. २४ सप्टेंबर १९७८ रोजीं कॅलिफोर्नियांतील सॅन अन्सेल्मो गांवच्या जत्रेच्या मिरवणुकींत तो प्रथम लोकांना दिसला. चित्रपटांत यावयास मात्र त्याला १९८० साल उजाडलें. मधल्या काळांत केनरनें जाहीर केलें, कीं विकत घेतलेल्या चार बाहुल्यांच्या पुठ्ठ्यांवरील खरेदीच्या खुणा कापून पाठवाव्या, म्हणजे बोबा फेट टपालानें मिळेल. आणि त्याच्या पाठीवरून खरोखरचा अग्निबाण सुटेल. अग्निबाण म्हणजे स्प्रिंगच्या जोरानें उडणारी लाल प्लास्टिकची एक लहानशी कांडी.

परंतु १९७८-७९ च्या हिवाळ्यांत एक दुर्दैवी घटना घडली. मॅटेल या दुसऱ्या कंपनीच्या, दुसऱ्याच एका अंतराळकथेवरील खेळण्यांतून सुटलेली अशीच एक कांडी एका लहान मुलाच्या घशांत अडकली आणि तें मूल दगावलें. मॅटेलनें तीं खेळणीं परत मागविलीं. केनरच्या लोकांपुढें आतां मोठा पेंच पडला. वचन तर देऊन चुकलेले. देशभर छापील पुठ्ठे गेलेले. शेवटीं त्यांनीं अग्निबाण पाठीवर कायमचा चिकटवून टाकला. पुठ्ठ्यावरील जाहिरातीच्या चित्रावर काळा कागद डकविला, आणि मुलांना पाठविलेल्या बाहुल्याबरोबर एक पत्र घातलें, कीं सुरक्षिततेसाठीं बाण उडविण्याची योजना काढून टाकण्यांत आली आहे. ज्या मुलांनीं महिनेन् महिने टपालवाल्याची वाट पाहिली, त्यांना तें पत्र वाचून काय वाटलें असेल, याची कल्पना आपण करूं शकतों. पण त्या मुलांना तो बाहुला निर्धास्तपणें हाताळतां आला, हेंहि तितकेंच खरें. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत घशांत जाण्याजोगे बारीक भाग असूं नयेत, हा अमेरिकेंतील नियम १ जानेवारी १९८० पासून अमलांत आला.

आतां त्या ५,२५,००० डॉलरांच्या बाहुल्याकडे वळूं. अग्निबाण चिकटविण्यापूर्वीं केनरच्या कारखान्यांत प्रयोगासाठीं म्हणून कांहीं नग तयार झाले होते. बहुतेक निळसर करड्या प्लास्टिकचे, रंग न दिलेले. विक्री झाली तो हातानें रंगविलेला, म्हणून त्यांतहि दुर्मिळ. या प्रयोगांतील आरंभींच्या नगांच्या पाठीवरील खांच इंग्रजी ‘एल्’ अक्षराच्या आकाराची आहे. तींतून खटका सहज निसटे. म्हणून नंतरच्या नगांत तिला आणखी एक वळण देऊन ‘जे’ अक्षरासारखी केली, कीं बाण आपोआप सुटूं नये. तरीहि समाधान झालें नाहीं, तेव्हां बाणच पक्का करून टाकला. ‘एल्’, ‘जे’ आणि बंद खांच या तीन पायऱ्या पाहिल्या म्हणजे एका कारखान्यांतील माणसांची सद्सद्विवेकबुद्धि कशी पावलापावलानें जागी झाली, तें प्लास्टिकमध्यें लिहिलेलें वाचावयास मिळतें. हे नग कारखान्यांतील माणसांच्या घरीं राहिले, आणि तेथून संग्राहकांच्या हातीं आले.

असा बाहुला पुढें आला म्हणजे पारखी माणसानें तीन प्रश्न क्रमानें विचारावयाचे असतात. वस्तु खरोखर तीच आहे काय? ती कोणत्या अवस्थेंत आहे? आणि ती येथवर कोणत्या वाटेनें आली?

पहिल्या प्रश्नाला उदाहरण म्हणून त्याच कथेंतील थोरला खलपुरुष डार्थ व्हेडर घेऊं. १९७८ सालीं निघालेल्या पहिल्या बारा बाहुल्यांत हा काळ्या झग्याचा पुरुष होता. त्याच्या हातांतून तरवारीसारखी एक कांडी पुढें सरकते. अगदीं आरंभींच्या कांहीं नगांत त्या कांडीच्या पोटांतून आणखी एक बारीक काडी बाहेर येई. ही रचना लवकरच सोडून देण्यांत आली. त्या बारीक काडीपायीं आज किमतींत मोठें अंतर पडतें, आणि जेथें अंतर पडतें तेथें लबाडी शिरतेच. नवी काडी करून जुन्या हातांत बसविणारे कारागीर आहेत. कोणी अशीं लहान शस्त्रें पाण्यांत टाकून तरंगतात कीं बुडतात तें पाहतात. पण एवढ्या एका खुणेवर निकाल देणें धोक्याचें. पायाच्या मागील बाजूस सन व देश कोरलेला असतो, त्यावरूनहि नवखे फसतात. तो सन हक्कनोंदणीचा आहे, उत्पादनाचा नव्हे. १९७७ चा शिक्का असलेला बाहुला कांहीं वर्षांनंतर ओतलेला असूं शकतो. म्हणून प्लास्टिकचा रंग, सांध्यांची ठेवण, रंगाच्या कडा, खांचेची धार, हें सर्व निर्विवादपणें अस्सल ठरलेल्या नगाशेजारीं ठेवून ताडून पाहावें लागतें.

दुसरा प्रश्न अवस्थेचा. यासाठीं परीक्षण करणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’ ही त्यांतील एक. शंभरपैकीं गुण देऊन ती वस्तु पारदर्शक पेटींत बंद करते. पुठ्ठ्यावर न उघडलेला बाहुला असेल तर पुठ्ठा, वरचें पारदर्शक कवच आणि आंतील बाहुला यांचे गुण वेगळाले. कवच उन्हानें पिवळें पडतें, पुठ्ठ्याचे कोपरे दुमडतात, मऊ प्लास्टिक कालांतरानें चिकट होतें. हे गुण उपयोगी आहेत यांत शंका नाहीं; परंतु त्यांचा एक परिणाम लक्षांत घेण्याजोगा आहे. ज्या खेळण्याशीं कोणी खेळलेंच नाहीं त्याला सर्वांत अधिक गुण, आणि ज्यानें एखाद्या मुलाचें बाळपण रमविलें त्याला सर्वांत कमी.

तिसरा प्रश्न वाटेचा, आणि माझ्या मतें हाच सर्वांत मोठा. इतिहासाचार्य राजवाडे यांनीं १८९८ सालीं ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ यांचा पहिला खंड प्रसिद्ध केला, तेव्हांपासून आपल्याकडे एक दंडक पडला, कीं बखरींतील रसाळ हकीकतीपेक्षां समकालीन अस्सल कागद श्रेष्ठ. कागद कोणाच्या दप्तरांत होता, तेथून कोठें गेला, हें विचारल्याविना त्याचा पुरावा घेत नाहींत. बाहुल्यालाहि हाच दंडक लागू आहे. कारखान्यांतील कोणाकडून तो निघाला, कोणी कोणास विकला, पत्रें व पावत्या आहेत कीं केवळ ऐकीव गोष्ट आहे, हें पाहिलें पाहिजे. हा प्रश्न न विचारण्याची शिक्षा कशी होते, तें कॅलिफोर्नियांतील पेटालुमा येथील ‘रँचो ओबी-वान’ या प्रसिद्ध संग्रहाच्या बाबतींत दिसून आलें. तेथून शंभराहून अधिक वस्तु चोरीस गेल्याचें संग्रहाचे संस्थापक स्टीव्ह सॅन्सवीट यांनीं २०१७ सालीं जाहीर केलें. चोरलेल्या वस्तु अस्सल होत्या व उत्तम अवस्थेंतहि होत्या. पहिल्या दोन प्रश्नांना त्यांचें उत्तर निर्दोष होतें. तिसऱ्या प्रश्नापाशीं मात्र त्या चोरीचा माल ठरल्या.

आणि तरीहि, श्रोते हो, तिन्ही उत्तरें समाधानकारक आलीं म्हणून मोलाचा प्रश्न सुटला असें होत नाहीं. २०१० सालीं हॅस्ब्रोनें अग्निबाणाचा बोबा फेट पुन्हां टपालानें देऊं केला. हौस म्हणून तो अनेकांनीं मागविला. पण त्याला त्या जुन्या प्रयोगाच्या नगाचें मोल येत नाहीं. मोल उडणाऱ्या बाणाचें असतें, तर असें झालें नसतें. मोल आहे तें त्या घडींतील निर्णयाचें. दिलेलें वचन मोडावें कीं दुसऱ्या मुलाचा जीव धोक्यांत घालावा, अशा पेंचांत सांपडलेल्या माणसांनीं वचन मोडलें. आणि मोडलेल्या वचनाचा पुरावा म्हणून हा बाहुला उरला आहे. लिलावांतील रक्कम दुर्मिळतेची असते. दुर्मिळता कशामुळें आली, हें तींत लिहिलेलें नसतें. तें सांगण्याचें काम पारख करणाराचें आहे, आणि तें त्यानें टाळलें तर त्याची विद्या केवळ सराफीची राहते.

म्हणून संग्राहकांस एवढेंच सुचवावेंसें वाटतें, कीं निर्दोष नगाच्या शेजारीं, बाण पक्का बसविलेला, रंग उडालेला, एखाद्या मुलानें अंगणांत व अंथरुणांत बरोबर वागविलेला साधा बोबा फेटहि ठेवावा. बाजारांत त्याला फारसें कोणी विचारणार नाहीं. पण पहिला बाहुला, काय टळलें त्याची साक्ष देतो. दुसरा, तें टळल्यामुळें काय शक्य झालें त्याची. दोन्ही साक्षी ऐकल्यावांचून निकाल देऊं नये, हा न्यायाचा नियम आहे, आणि इतिहासाचाहि तोच आहे.