श्रम आणि व्यायाम : एका भेदाचा इतिहास

तालमीत जोर मारणारा पहिलवान मेहनत करतो आणि बाजारात पोती वाहणारा हमालही मेहनतच करतो. ‘मेहनत’ हा शब्द मूळ अरबी असून त्याचा तेथील अर्थ कसोटी अथवा कष्ट असा आहे. ‘कसरत’ हाही अरबीच. त्याच्या मुळाशी विपुलतेची, म्हणजे पुनःपुन्हा करण्याची कल्पना आहे. संस्कृत ‘व्यायाम’ शब्दात मात्र ताणण्याचा, विस्ताराचा भाव आहे. भाषेने पहिलवानाला आणि हमालाला एकच शब्द दिला. परंतु दोघांच्या श्रमाचा हिशेब एकत्र मांडावा की निरनिराळा, हा प्रश्न बराच जुना आहे.

कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सुमारे ११२९ सालचा. त्यातील मल्लविनोदाच्या प्रकरणात मल्लांचे श्रम वर्गवारीने सांगितले आहेत : वजन उचलण्याचा भारश्रम, दूरवर चालण्याचा भ्रमणश्रम, पोहण्याचा सलिलश्रम, बाहूंच्या बळाचा श्रम आणि खांबावरचा स्तंभश्रम. बळ आणि दम ही दोन वेगळी साध्ये असून एका मल्लाला दोन्ही हवीत, ही जाणीव या वर्गवारीतून स्पष्ट होते. याच ग्रंथाच्या संगीतविषयक भागात महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओव्या गातात असा उल्लेख आहे. ओवीच्या इतिहासासाठी तो वारंवार उद्धृत होतो. तथापि मल्लाचा श्रम जेथे प्रकारवार मोजला गेला, तेथे कांडणाऱ्या स्त्रीचा श्रम केवळ गाण्याचे निमित्त म्हणून आला, ही गोष्ट दुर्लक्षिण्याजोगी नाही.

वैद्यकग्रंथांची दृष्टी याहून व्यापक होती. सुश्रुताने व्यायामाला अर्ध्या शक्तीची मर्यादा घातली आणि श्वास मुखावाटे येऊ लागणे ही त्या मर्यादेची खूण मानली. वाग्भटानेही हीच मर्यादा सांगितली. मात्र ती बलवान व स्निग्ध आहार घेणाऱ्यांसाठी. चरकसंहितेच्या प्रचलित पाठात, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, व्यायाम कोणी वर्ज्य करावा याची यादी आहे. भार वाहून आणि वाट चालून कृश झालेले तीत येतात. भुकेलेले आणि तहानलेलेही येतात. पोटासाठी केलेले कष्ट येथे शरीराच्या खर्चात धरले आहेत.

विसाव्या शतकात हा प्रश्न आकड्यांनी तपासला गेला. जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांनी १९५३ साली ‘लॅन्सेट’मध्ये लंडनच्या वाहतूक कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दुमजली बसचे जिने दिवसभर चढणाऱ्या कंडक्टरांना बसून गाडी हाकणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा हृदयविकार कमी होत असे. कामातील हालचाल हितकर ठरते, हा निष्कर्ष त्यावरून सर्वत्र पसरला. परंतु १९५६ मध्ये मॉरिस यांनीच गणवेषांची मापे तपासली, तेव्हा ड्रायव्हरांचा कमरेचा घेर नोकरीच्या आरंभापासूनच अधिक असल्याचे आढळले. म्हणजे फरकाचे सगळे श्रेय जिन्याला देता येत नव्हते.

बळ आणि दम यांच्या परस्परसंबंधाची कसोटी १९८० मध्ये रॉबर्ट हिक्सन यांनी अमेरिकेत घेतली. एका गटाने दहा आठवडे केवळ बळाचा, दुसऱ्याने केवळ दमाचा आणि तिसऱ्याने दोन्ही प्रकारचा व्यायाम पूर्ण प्रमाणात केला. तिसऱ्या गटाचा दम दुसऱ्या गटाइतकाच वाढला. बळ मात्र सुमारे सात आठवडे वाढून थांबले आणि अखेरीस उतरले. नंतरच्या संशोधनाने हा निष्कर्ष बराच सौम्य केला. प्रमाण बेताचे असेल, तर कमाल बळाला वा स्नायूंच्या वाढीला सहसा बाध येत नाही. झटक्याच्या शक्तीला मात्र तो येऊ शकतो, विशेषतः दोन्ही व्यायाम एकाच बैठकीत केल्यास. विरोध मुळात बळ आणि दम यांच्यात नसून एकूण भार आणि विश्रांती यांच्यात आहे.

हाच धागा कामाच्या श्रमापर्यंत जातो. १९३,६९६ व्यक्तींची माहिती एकत्र करून २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका समीक्षेत, कामावर फार शारीरिक श्रम करणाऱ्या पुरुषांत अकाली मृत्यूचा धोका १८ टक्क्यांनी अधिक आढळला. स्त्रियांत असा संबंध दिसला नाही. यात गरिबी आणि धूम्रपान यांचा वाटा किती, यावर अद्याप वाद आहे. आंद्रेआस होल्टरमन प्रभृती संशोधकांचे स्पष्टीकरण मात्र विचारार्ह आहे. व्यायाम थोडा वेळ, स्वेच्छेने आणि पुढे विश्रांती ठेवून होतो. कामाचा श्रम तासन्‌तास चालतो, त्यात नाडी व रक्तदाब दिवसभर चढलेले राहतात आणि थांबण्याची वेळ कामगाराच्या हाती नसते.

‘तुझ्या कामातच तुझा व्यायाम होतो’ हे हमालाला सहज ऐकवले जाणारे वाक्य म्हणून तपासून घ्यावे लागते. त्याला दमाच्या आणि बळाच्या व्यायामाचा अधिकार आहेच. परंतु दिवसाचा भार वजा करून उरलेल्या शक्तीतूनच त्याचे माप ठरले पाहिजे. ओझ्याच्या दिवशी तो हलका असावा, आणि काही दिवशी विश्रांती हाच त्याचा योग्य उपक्रम ठरेल. अर्ध्या शक्तीचा जुना नियम ज्याची अर्धी शक्ती सकाळीच पोत्यांखाली खर्च झाली आहे त्याला लावताना, ही वजाबाकी आधी करणे भाग आहे.