चिकनगुनिया : एका तापाचे नाव, प्रवास आणि नोंदी

प्रास्ताविक

2006 सालच्या पावसाळ्यात उत्तर कर्नाटकातील कित्येक घरांत एकाच वेळी सगळी माणसे अंथरुणाला खिळली होती. ताप चार-पाच दिवसांत उतरे. परंतु सांधे धरलेले राहत. वर्गात खडू धरता येत नाही, नमाजला गुडघे मोडता येत नाहीत, भाकरी थापता येत नाही, अशा तक्रारी रोज कानी येत. आजाराचे नाव नवे होते. ‘चिकन’ हा शब्द कानावर पडताच अनेकांनी कोंबडी खाणे सोडले. त्याच वर्षी फेब्रुवारीत नवापूर येथे बर्ड फ्लू आढळला असल्याने संशयाला बळ मिळाले. कोंबडी विकून पोट भरणाऱ्या आपल्या समाजातील गरीब कुटुंबांना एका शब्दाच्या गैरसमजाची झळ सोसावी लागली. प्रस्तुत लेखात या नावाचा, रोगाच्या प्रवासाचा आणि त्याच्या नोंदींचा थोडक्यात परामर्श घेतला आहे.

नावाचे मूळ

चिकनगुनियाचा कोंबडीशी काहीही संबंध नाही. हा शब्द पूर्व आफ्रिकेतील माकोंदे भाषेतला असून, सांधेदुखीने माणूस वाकतो, या अर्थाच्या क्रियापदापासून तो बनला आहे. 1952-53 मध्ये टांगानिकाच्या (आजच्या टांझानियाच्या) दक्षिण भागातील माकोंदे पठारावर साथ आली आणि 1953 मध्ये रुग्णांच्या रक्तातून विषाणू वेगळा करण्यात आला. हे पठार पाण्याच्या दुर्भिक्षाचे होते. लोक लांबून पाणी आणून घरात साठवीत. हा विषाणू वाहून नेणारा एडीस इजिप्ती डास गटारात नव्हे, तर अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. तो दिवसा चावतो आणि त्याची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेलाही महिनोन्‌महिने टिकतात.

विषाणूची ओळख नवी असली तरी रोग जुना असावा. 1779 मध्ये बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथील डच वैद्य डेव्हिड बायलॉन याने सांध्यांच्या तापाचे वर्णन केले होते. तो ताप पुढे डेंग्यू म्हणून गणला गेला. 1971 मध्ये डोनाल्ड कॅरी या अभ्यासकाने ही ओळखीची चूक असावी, असा मुद्दा मांडला. 1820 च्या आणि 1870 च्या दशकांत झांझिबारपासून हिंदुस्थानच्या बंदरांपर्यंत पोहोचलेले, सांधे धरणारे तापही बहुधा चिकनगुनियाचेच होते, असे त्यांचे म्हणणे. जहाजांवरील पाण्याच्या पिंपांत डासही प्रवास करीत, हे ध्यानात घेतले म्हणजे व्यापाराच्या वाटा हाच साथीचा नकाशा का ठरला, हे समजते.

आगमन आणि विस्मरण

भारतात हा विषाणू प्रथम 1963 मध्ये कोलकात्याच्या साथीत ओळखला गेला. 1964 मध्ये मद्रास व दक्षिणेतील इतर शहरांत साथ आली. 1973 मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे झालेल्या पाहणीत सुमारे 37.5 टक्के लोकांना लागण झाल्याचे आढळले. म्हणजे दर आठ माणसांत तिघे! त्यानंतर जवळजवळ तीन दशके मोठी साथ आली नाही आणि रोग लोकांच्या स्मरणातून गेला.

2004 मध्ये केनियाच्या किनाऱ्यावर साथ सुरू झाली. पुढे ती कोमोरोस व रियुनियन या हिंदी महासागरातील बेटांवर पोहोचली आणि रियुनियनमध्ये एक तृतीयांशाहून अधिक लोक आजारी पडले. 2005 च्या अखेरीस आंध्र प्रदेशात रुग्ण दिसू लागले आणि 2006 मध्ये देशात सुमारे 13.9 लाख संशयित रुग्णांची नोंद झाली. त्यांतील निम्म्याहून अधिक एकट्या कर्नाटकातील होते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या तपासणीत हा विषाणू पूर्वीच्या आशियाई गटातला नसून आफ्रिकी गटातला असल्याचे दिसले. विशेष म्हणजे पुणे जिल्ह्यातील यवत येथे 2000 साली डासांत मिळालेला विषाणूही याच आफ्रिकी गटातला होता. म्हणजे मोठी साथ येण्यापूर्वीच तो देशात दाखल झाला होता.

मृत्यूंचा प्रश्न

हा रोग जिवावर बेतत नाही, असे त्या काळी ठामपणे सांगितले जाई. बहुसंख्य रुग्णांच्या बाबतीत ते खरेही आहे. तथापि वृद्ध, नवजात बालके आणि आधीच दुसरे आजार असलेले रुग्ण यांना धोका असतो. 2006 च्या साथीत सरकारी आकडेवारीत चिकनगुनियाचे मृत्यू जवळजवळ नव्हतेच. मात्र अहमदाबादेतील संशोधकांनी शहराच्या मृत्युनोंदी आधीच्या वर्षांशी ताडून पाहिल्या, तेव्हा ऑगस्ट ते नोव्हेंबर 2006 या चार महिन्यांत अपेक्षेपेक्षा 2,944 मृत्यू अधिक झाल्याचे दिसले. यांतील प्रत्येक मृत्यू चिकनगुनियाचाच, असे म्हणता येत नाही. पण कागदावर मृत्यू नाही म्हणजे मृत्यू झालाच नाही, असेही म्हणता येत नाही.

मृत्यूंखेरीज दुसरे नुकसानही होते. महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षे टिकणाऱ्या सांधेदुखीने विणकराचा माग, शिंप्याचे यंत्र, विडी वळणारीची बोटे थांबतात. हातावर पोट असणाऱ्याला ही दुखणी मरणाइतकीच जड जातात.

निष्कर्ष

1. रोगाचे नाव लोकांच्या भाषेत समजावले नाही, तर अफवा त्याची जागा घेते. उर्दू आणि मराठीच्या शिक्षकांनी हे काम केवळ विज्ञान विभागावर सोपवू नये.

2. माकोंदे, बार्शी आणि उत्तर कर्नाटक यांना जोडणारा धागा पाणीटंचाईचा आहे. जेथे नळ रोज येत नाही तेथे पाणी साठणारच. त्यामुळे भांडी झाकणे, आठवड्यातून एकदा घासून कोरडी करणे, मशिदीच्या हौदात गप्पी मासे सोडणे हे आवश्यक असले, तरी नियमित पाणीपुरवठ्याला तो पर्याय नव्हे.

3. 2006 ची साथ पाहिलेली पिढी आज वृद्ध होत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी त्यांच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि नगरपालिकेच्या मृत्युनोंदी व कब्रस्तानांच्या वह्या त्या वर्षापुरत्या तपासाव्यात. अहमदाबादेत जे हाती लागले ते आपल्या तालुक्यातही लागू शकेल. 1973 नंतर जे विसरले गेले, ते पुन्हा विसरले जाऊ नये, एवढीच अपेक्षा.