चित्रपटासाठी लोकवर्गणी

एका निर्मात्याच्या किंवा वित्तपुरवठादाराच्या भांडवलाऐवजी अनेक लोकांनी दिलेल्या लहान रकमा एकत्र करून चित्रपटाच्या निर्मितीचा किंवा प्रदर्शनाचा खर्च भागवण्याची पद्धत म्हणजे लोकवर्गणी होय. अलीकडे ती 'क्राउडफंडिंग' म्हणून ओळखली जाते. भारतातील तिचे सर्वांत ठळक उदाहरण इंटरनेटपूर्व काळातील आहे. श्याम बेनेगल दिग्दर्शित आणि विजय तेंडुलकर यांची पटकथा लाभलेल्या 'मंथन' (1976) या चित्रपटासाठी गुजरातच्या सहकारी दूधसंघांतील सुमारे 5 लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी 2 रुपये दिले. पैसे देणाऱ्यांचीच कथा पडद्यावर असल्याने ते आपला चित्रपट पाहण्यास गावोगावहून आले, आणि निधीबरोबर प्रेक्षकही आपोआप तयार झाला.

मराठीत ही पद्धत वितरणाच्या अडचणीतूनही वापरली गेली. पुण्याच्या सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'अस्तु' या स्मृतिभ्रंशावरील चित्रपटाला 61 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत संवाद आणि साहाय्यक अभिनेत्री (अमृता सुभाष) हे सन्मान मिळूनही तो चित्रपटगृहांत पोहोचण्यास 2016 साल उजाडले, आणि त्यासाठी त्यातील प्रमुख अभिनेते मोहन आगाशे यांनी रसिकांना लोकवर्गणीचे आवाहन केले.

ऑनलाइन मोहिमांत देणगीदारास सहसा श्रेयनामावलीत नाव, तिकीट वा खास खेळाचे निमंत्रण मिळते; नफ्यातील भाग मात्र बहुधा मिळत नाही.